अकरा ठिकाणी लिहिलेला शब्द

‘‘सर, चॅटर म्हणजे काय?’’

दुपारची बॅच नुकतीच सुटली होती. मी फळा पुसत होतो. दारात तिशीच्या आसपासची एक बाई उभी होती. चपला तिनं पायरीखालीच काढून ठेवल्या होत्या आणि काखेत प्लास्टिकची पिशवी घट्ट धरली होती. गळ्यात काही नव्हतं. इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या माझ्या क्लासला अशा बायका सहसा येत नसत. कॉलेजची पोरं यायची, नाहीतर बँकेतले कारकून.

मी तिला आत बोलावलं, बाकावर बसायला सांगितलं. तिनं नाव सांगितलं, सुगंधा भुवड. चिपळूणपासून आठ-नऊ मैलांवरचं गाव होतं तिचं. शेजारची मुलगी माझ्याकडे शिकत होती, तिनं पाठवलं होतं. तिला शिकायचं नव्हतं, एका शब्दाचा अर्थ तेवढा हवा होता. डिक्शनरीत बघितला होता, पण तिथं दोन-तीन अर्थ दिले होते आणि त्यातला नेमका कुठला धरायचा ते कळत नव्हतं.

‘‘एका शब्दासाठी एवढ्या लांब आलात?’’ मी म्हणालो.

‘‘हो,’’ ती म्हणाली.

ही दोन हजार चारची गोष्ट. मी तेव्हा पस्तीस वर्षांचा होतो आणि इंग्रजी शब्दांचा मला फार नाद होता. एकाच अर्थाचे वाटणारे चार शब्द घ्यायचे आणि त्यांच्यातला फरक पोरांना फोड करून सांगायचा, यात मला भारी गोडी वाटायची. तेव्हा मी पुसलेल्या फळ्यावर पुन्हा लिहायला लागलो. स्मॉल टॉक म्हणजे ओळख नसलेल्या माणसांनी हवापाण्याबद्दल बोलणं. चिटचॅट म्हणजे ओळखीच्यांच्या हलक्याफुलक्या गप्पा. मर्मर म्हणजे कुजबुज, हबब म्हणजे गलका, डिन म्हणजे कान किटवणारा गोंगाट. बॅबल म्हणजे अर्थ न लागणारी बडबड.

‘‘आणि चॅटर?’’ तिनं विचारलं.

‘‘चॅटर म्हणजे वटवट. एकसारखी, बिनमहत्त्वाची. पक्षी किलबिलतात, माकडं कचकच करतात, त्यालाही चॅटरच म्हणतात.’’

‘‘म्हणजे कामाचं बोलणं असेल तर त्याला चॅटर नाय म्हणायचं?’’

‘‘छे. काम सोडून केलेलं बोलणं.’’

‘‘आणि त्याच्या पुढे आयडल असेल तर?’’

‘‘मग तर झालंच. रिकामटेकड्या गप्पा.’’

तिनं काखेतली पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, ‘‘वकिलानंपण हेच सांगितलं. मला वाटलं, तो कंपनीचा म्हणून सांगतो.’’

तिनं पिशवीतून कागद काढले. झेरॉक्स होत्या, हाताळून मऊ पडलेल्या. सात महिन्यांपूर्वी आमच्या भागातल्या एका केमिकल कारखान्यात स्फोट झाला होता. दोन माणसं गेली होती. मला ते पेपरात वाचल्याचं आठवत होतं. गेलेल्यांपैकी एक, दत्ताराम भुवड, तिचा नवरा. तो कंट्रोल रूममधला मुख्य ऑपरेटर होता. कंट्रोल रूममधल्या तिघांपैकी त्याच्या हाताखालचा अनंत निवाते तेवढा वाचला होता, तोही भाजून. तिसरा, पारकर नावाचा मदतनीस, दुसऱ्या दिवशी इस्पितळात वारला. कंपनीचं म्हणणं असं, की ऑपरेटर गप्पा मारत बसले, रिअ‍ॅक्टरकडे त्यांचं लक्ष नव्हतं, म्हणून स्फोट झाला. सरकारी चौकशी चालू होती. अनंतवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला होता. आणि पुरावा म्हणून कंपनीनं हे कागद दिले होते. स्फोटाच्या आधी कारखान्याचे मॅनेजर मुंबईच्या हेड ऑफिसशी फोनवर बोलत होते, ते बोलणं हेड ऑफिसात टेप होत असे. त्या टेपवरून शब्दन्‌शब्द उतरवून काढलेला हा मजकूर.

मी पहिलं पान हातात घेतलं. इंग्रजी संभाषण होतं. माल कधी निघणार, ड्रम कमी का पडले, असलं. मध्येमध्ये चौकटी कंसात दोन शब्द येत होते. आयडल चॅटर. तिनं प्रत्येक ठिकाणी लाल पेनानं गोल केला होता. मी मोजले नाहीत, तिनंच सांगितलं, अकरा ठिकाणी आहे म्हणून.

पान उलटताना माझी नजर खालच्या कोपऱ्यात गेली. तिथं बारीक अक्षरात छापलेलं होतं, एन सतरा.

एन सतरा म्हणजे मी.

क्लासवर माझं भागत नसे म्हणून मी पुण्याच्या एका संस्थेसाठी टेपा उतरवून देण्याचं काम घरी करत असे. सीडी कुरियरनं यायच्या. कानाला हेडफोन लावायचा, ऐकायचं आणि टाइप करायचं. त्या संस्थेत कुणाचं नाव कागदावर जात नसे, नंबर जाई. कुठल्या कंपनीचं काम आहे तेही आम्हाला सांगत नसत. त्या वर्षात मी अशा शंभरेक मीटिंगा उतरवल्या असतील, त्यातल्या बऱ्याच कारखान्यांच्या होत्या. ही त्यातलीच एक. टेपमध्ये स्फोट नव्हता. मॅनेजर ‘मी नंतर फोन करतो’ म्हणाले होते आणि फोन बंद झाला होता. मला कळायचं काही कारणच नव्हतं.

पण तो शब्द माझा होता. संस्थेचा नियम असा होता, की मागे दुसऱ्या भाषेतलं बोलणं ऐकू आलं तर ‘अन्य भाषेतलं बोलणं’ एवढंच लिहायचं. मला ते फार कोरडं वाटायचं. मी तिथं नेमका शब्द घालायचो. बाजारातला फोन असेल तर हबब, लग्नघर असेल तर मेरी बॅबल, म्हणजे खुशीतली बडबड. पुण्याच्या संस्थेतल्या मृणालिनी मॅडमनी त्याबद्दल माझं कौतुकसुद्धा केलं होतं.

‘‘सर, बरं वाटत नाय का?’’ सुगंधानं विचारलं.

मी खुर्चीवर बसलो होतो ते मलाच कळलं नव्हतं. तेव्हा मी तिला काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, की हे कागद ठेवून जा, उद्या सकाळी या, मला नीट बघायचे आहेत. तिनं ठेवले नाहीत. तिच्याकडे तेवढेच होते. पण उद्या येते म्हणाली.

सीडी मी परत पाठवली होती. कॉम्प्युटरवरची प्रत पुसून टाकायचा करार होता, तीही मी पुसायला हवी होती. आळसानं पुसली नव्हती. तारीख बघून फाइल सापडायला दहा मिनिटं लागली. हेडफोन लावला, पण चालू करायचं माझ्यानं होईना. त्या टेपमध्ये काय आहे ते मला आठवत नव्हतं आणि आठवत नाही याचीच भीती वाटत होती. शेवटी ठरवलं, की ऐकायचं तर तिच्यासमोरच ऐकायचं.

सकाळी ती आली तेव्हा मी तिला आधी ते सांगून टाकलं. हे कागद मी लिहिलेत, हा शब्द मी घातलाय.  मला वाटलं, ही आता उठून जाईल किंवा काहीतरी फेकून मारेल. ती म्हणाली, ‘‘म्हणजे यांचा आवाज तुमच्याकडे हाय?’’

मी हेडफोन काढून स्पीकर जोडला. टेप उतरवताना मी एक बटण वापरत असे. त्यानं मागचे आवाज दबतात आणि मुख्य बोलणं उठून येतं. ते बटण मी बंद केलं.

सुरुवातीला मॅनेजर ड्रमचा हिशेब सांगत होते आणि त्यांच्या मागे, केबिनच्या उघड्या दारापलीकडे कंट्रोल रूममध्ये, तिघं माणसं हसत होती. एकजण म्हणत होता, ‘‘आमच्याकडे आज घावणे होते. पहिला चिकटला, दुसरा चिकटला, तिसरा तव्यासकट माझ्या ताटात येतो की काय वाटलं.’’

सुगंधानं तोंडावर पदर धरला. ‘‘मेला,’’ ती म्हणाली. ‘‘तवा नवा होता.’’

दोन मिनिटं ते असंच चाललं. घावणे, मग गावातल्या कबड्डीच्या सामन्याचं काहीतरी. त्या खरोखरच गप्पा होत्या. तिथं मी तो शब्द पहिल्यांदा लिहिला होता आणि तिथं तो बरोबर होता. त्यानंतर कानावर मागचा आवाज आला, की मी कीबोर्डवरची एक कळ दाबत होतो. त्या कळीवर ते दोन शब्द मी आधीच भरून ठेवले होते.

तिसऱ्या मिनिटाला हसणं थांबलं.

‘‘साहेब, टेम्परेचर चढतंय.’’ हा दत्ताराम.

मॅनेजर फोनवर ट्रकबद्दल बोलत होते.

‘‘साहेब, गार पाणी येत नाय. पंप बघायला माणूस पाठवू?’’

ट्रक मंगळवारी निघेल, मॅनेजर सांगत होते.

‘‘साहेब, दोन मिनिटं फोन ठेवा. एकशे चाळीस झालं.’’

फोनवरच्या माणसानं विचारलं, मागे कसला आवाज आहे? आणि मॅनेजर म्हणाले, काही नाही सर, माझे ऑपरेटर आहेत, गप्पा मारतायत. हे वाक्य मी स्वतः टाइप केलं होतं. ते कागदावर होतंच. ऑपरेटर्स चॅटिंग.

त्यानंतर दत्तारामचा आवाज जवळ आला, बहुतेक तो दारात येऊन उभा राहिला असावा. ‘‘साहेब, पोरांना भायेर काढू?’’ उत्तर नाही. ‘‘साहेब, भायेर काढू का त्यांना? तुम्ही हो म्हणा नुसतं.’’ मॅनेजरनी ‘एक मिनिट’ म्हटलं, ते फोनला की त्याला, कळत नाही. मग दत्ताराम मागे वळला आणि त्यानं साथीदारांना मोठ्यानं सांगितलं, निघा तुम्ही दोघं. त्यावर अनंत काहीतरी म्हणाला, थोडी हमरीतुमरी झाली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मॅनेजर म्हणाले, मी नंतर फोन करतो. संपलं.

नऊ मिनिटं चाळीस सेकंद. पैकी साडेसात मिनिटं एक माणूस माझ्या भाषेत, स्पष्ट, एकाच गोष्टीची विनवणी करत होता आणि मी ते कानात घालून, पायाखालच्या पेडलनं टेप मागेपुढे करत, ड्रमची संख्या अचूक लिहून काढली होती. आकडा चुकू नये म्हणून काही भाग तर मी तीन-तीनदा ऐकला होता.

 सुगंधा रडत नव्हती. तिनं विचारलं, ‘‘हे तुम्ही आधी ऐकलेलंत?’’

‘‘हो.’’

‘‘मग?’’

मी स्पीकरचा आवाज कमी केला. तिनं पुन्हा विचारलं नाही. म्हणाली, ‘‘ते पहिलं परत लावा, तव्याचं.’’ मी लावलं. तिनं ते चारदा ऐकलं आणि मग पिशवी उचलली. गुरुवारी रत्नागिरीला चौकशीची शेवटची तारीख आहे, एवढं सांगून ती निघून गेली. ‘या’ असं म्हणाली नाही.

त्या दुपारी मी पुण्याला फोन केला. मृणालिनी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हती. पण तिनं बजावलं, की फाइल तुमच्याकडे असणं हाच करारभंग आहे, तुम्ही ती आत्ता पुसा, मी हा फोन आला नाही असं समजते. मुद्दा तिनं शेवटी सांगितला, ‘‘तुम्ही लिहिलेलं चूक होतं असं तुम्हीच सांगितलंत, तर तुमच्या बाकीच्या शंभर कामांचं आम्ही काय करायचं?’’ मी म्हणालो, की तेही तपासावं लागेल. तिनं फोन ठेवला. त्या संस्थेचं काम मला नंतर कधी आलं नाही.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी रत्नागिरीला गेलो. विश्रामगृहाच्या हॉलमध्ये चौकशी होती. टेबलामागे सरकारी अधिकारी, एका बाजूला कंपनीचे वकील, समोर पंधरा-वीस माणसं. सुगंधा भिंतीला लागून बसली होती. तिच्या शेजारी एक तरुण होता. त्याच्या मानेची कातडी एका बाजूनं गुलाबी, ओढल्यासारखी झाली होती आणि तो सगळा वेळ जमिनीकडे बघत होता. तो अनंत असणार हे मी ओळखलं.

मी अधिकाऱ्यांना त्या फाइलीची सीडी दिली आणि मी कोण ते सांगितलं. कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली, पण अधिकारी म्हणाले, मूळ टेप कंपनीकडे आहेच, ताडून बघता येईल. सीडी लावली गेली.  ‘पोरांना भायेर काढू’ आलं, तेव्हा मागे कुणीतरी बाई हुंदका देऊन उठली आणि बाहेर गेली. ती पारकरची आई होती, असं मला नंतर कळलं.

मग वकील माझ्याकडे वळले. अतिशय सभ्यपणे बोलले.

‘‘बेंडखळे सर, हे बोलणं मराठीत आहे. तुमची मातृभाषा कोणती?’’

‘‘मराठी.’’

‘‘उतरवून काढताना हे शब्द तुम्हाला ऐकू येत होते?’’

‘‘दबलेले होते, पण येत होते.’’

‘‘तरी तुम्ही आयडल चॅटर लिहिलंत. संस्थेला सही करून दिलंत, की हे अचूक आहे. म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत, किंवा आज खोटं बोलताय. दोन्हीतलं कुठलं?’’

एसटीत बसल्या बसल्या मी या प्रश्नाची बरीच उत्तरं तयार केली होती. पैसे कमी मिळायचे, कामाला घाई असायची, बटणानं आवाज दबले होते, मॅनेजरच तसं म्हणाले होते. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

‘‘तेव्हा खोटं लिहिलं,’’ मी म्हणालो. ‘‘मला ते ऐकायचं नव्हतं म्हणून ऐकलं नाही. इंग्रजी तेवढं ऐकलं.’’

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं आणि मला जायला सांगितलं.

पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकतो. कंपनीनं मूळ टेप द्यायला तीन महिने लावले, पण दिली, आणि ती माझ्या फाइलीशी जुळली. अनंतवरचा गुन्हा मागे घेतला गेला. मॅनेजरवर खटला भरला. तो नऊ वर्षं चालला आणि त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, त्यावर अपील झालं, त्याचा निकाल मला माहीत नाही. हेड ऑफिसातल्या कुणाला काही झालं नाही. माझा क्लास चालू राहिला.

पण त्या गुरुवारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी हॉलमधून बाहेर पडून व्हरांड्यात पाणी पीत होतो. सुगंधा आणि अनंत बाहेर आले. ती माझ्याशी बोलली नाही, थोडी लांब उभी राहिली. अनंत जवळ आला. अगदी हळू बोलत होता.

‘‘सर, मी कबूल केलं होतं,’’ तो म्हणाला.

‘‘काय?’’

‘‘की आम्ही गप्पा मारत होतो. पोलिसांना लिहून दिलं मी.’’

मला कळेना. मी म्हणालो, तुम्ही तर तिथंच होता.

स्फोटाच्या आधीचं त्याला काहीच आठवत नव्हतं. सकाळी डबा घेऊन घरातून निघालो इथवर आठवायचं, त्यापुढे एकदम इस्पितळाचं छत. डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला मार बसला की असं होतं. तो खाटेवर असतानाच त्याला ते कागद दाखवले गेले. त्यात अकरा ठिकाणी लिहिलं होतं. टेपवरून उतरवलेलं, छापलेलं, अचूक असल्याचा संस्थेचा शिक्का असलेलं. तो म्हणाला, ‘‘मला वाटलं, आठवत नाय म्हणजे तसंच झालं असेल. कागद कशाला खोटं बोलेल?’’ त्यानं सही केली. घरी आल्यावर पहिल्या दिवशी तो सुगंधाच्या दारात गेला, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सांगितलं, वहिनी, आमच्या गप्पांपायी दत्तादा गेला. पारकरच्या आईला सांगितलं. तेव्हापासून तो गावात हेच सांगत होता. लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं आणि त्याला ते बरोबर वाटत होतं.

मी सुगंधाकडे बघितलं. तिनं मान हलवली. खरं होतं.

 टेप ऐकताना जे वाटलं होतं त्याहून हे भयंकर होतं. माझ्या दोन शब्दांनी एका जित्या माणसाच्या डोक्यात घडलंच नव्हतं ते घातलं होतं. मी काहीतरी बोलायला लागलो, माफीचं. त्यानं हात वर करून थांबवलं.

‘‘ते राहू दे. मला एक सांगा. हॉलमध्ये शेवटचं मला नीट लागलं नाय, माझा एक कान गेलाय. दत्तादा आम्हाला निघा म्हणाला, मग मी काय म्हणालो?’’

तो आणखी पुढे सरकला.

‘‘मी लगेच पळालो का, सर? एवढंच सांगा. खरं काय ते.’’

त्याचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. मी ती शेवटची वाक्यं गेल्या तीन दिवसांत इतक्यांदा ऐकली होती, की ती मला पाठ झाली होती.

‘‘नाही,’’ मी त्याच्या चांगल्या कानाशी म्हणालो. ‘‘तुम्ही म्हणालात, ‘तू एकटा नको थांबू, दत्तादा. पारकरला जाऊ दे, मी हालत नाय.’ तो तुमच्यावर ओरडला. तुम्ही म्हणालात, ‘ओरड कितीपण.’ मग झटापटीचा आवाज आहे. त्यानं तुम्हाला ढकलून बाहेर काढलं असणार.’’

अनंत व्हरांड्याच्या पायरीवर बसला. सुगंधा पुढे आली आणि त्याच्या शेजारी बसली.

‘‘परत सांगा,’’ तो म्हणाला. ‘‘जसंच्या तसं.’’

मी त्याच्यासमोर खाली बसलो आणि शब्दन्‌शब्द पुन्हा सांगितलं.